लाम्यायची चुकलेल्या वारांची फुलं

या, जरा पुढे सरका. कढईतलं तेल उडेल म्हणून घाबरू नका, माझ्या हातून अजून कुणी भाजलेलं नाही. ही केळी लाल होईपर्यंत तुम्हाला एक गोष्ट सांगते. आमच्या कालव्याकाठच्या गल्लीचीच आहे. मधेच माझा आवाज चढला तर चढू द्या. विहारात जाऊन पंचशील घेतलेली बाई आहे मी, राग आवरायचा असतो हे मलाही कळतं. पण हा राग अजून आवरला जात नाही.

आमच्या गल्लीचा फोनवर एक ग्रुप आहे. कालव्याला भरतीचं पाणी चढलं की एकमेकांना कळावं म्हणून तो काढला. पण पाणी काही रोज चढत नाही आणि माणसांना तर रोज बोलायचं असतं. मग सकाळची फुलं सुरू झाली. आमच्याकडे प्रत्येक वाराचा रंग ठरलेला. सोमवार पिवळा, मंगळवार गुलाबी, असं करत रविवारी लाल. सकाळी उठून त्या रंगाचं फूल पाठवायचं, वर लिहायचं ‘शुभ सोमवार’, आणि समोरच्याने हात जोडायचे.

बाकीचे लोक कुठून कुठून आलेली चमचमती फुलं पुढे ढकलायचे. पलीकडच्या काठावर राहणाऱ्या सानानकाकांकडून मात्र खरी फुलं यायची. त्यांची बायको लाम्याय. तिने आमच्याच गल्लीत हिंडून सगळे फोटो काढलेले. सोमवारचा बहावा विहाराच्या दारातला. गुरुवारचा झेंडू माझ्या गाडीमागचा. त्याच्या कोपऱ्यात माझी कढईसुद्धा दिसते. शुक्रवारची गोकर्ण न्हावी बुनरॉतच्या कुंपणावरची. फूल निवडायची लाम्याय आणि बटण दाबायचे सानानकाका.

गेल्या उन्हाळ्यात लाम्याय गेली. ग्रुप आठवडाभर गप्प होता. मग एका शनिवारी सकाळी काकांकडून फूल आलं. पिवळं. शुभ सोमवार.

काय बोलावं कुणाला सुचेना. बुनरॉतला सुचलं. त्याने लिहिलं, “काय हो सानान, तुमच्या काठावर सोमवार उजाडला का? इकडे पण धाडा थोडा. सोमवारी माझं दुकान बंद असतं, झोपेन म्हणतो.”

काकांचं उत्तर आलं, “तुझं दुकान उघडं असलं तरी तू झोपलेलाच असतोस. माझा एक कल्ला वर आहे, एक खाली. जागेपणी असं कोण करतं?”

“कल्ले सरळच आहेत. तुमचं डोकंच तिरकं, त्याला मी काय करू?”

मग मीही लिहिलं, “भांडू नका रे दोघं. केळी शनिवारी पण मिळतील आणि सोमवारी पण.”

त्या दिवसापासून रोज हेच. काका चुकीच्या वाराचं फूल पाठवायचे, सगळी गल्ली त्यांना चिडवायची. कुणी म्हणायचं, काका, मंगळवार येऊन गेला, तुम्ही त्याला पुन्हा बोलावलंत. कुणी म्हणायचं, काकांच्या हिशेबाने आमचा पोरगा अजून जन्मायचाच आहे. काका एकेकाला पुरून उरायचे. मी एकदा पूल ओलांडून त्यांच्याकडे केळी घेऊन गेले होते, तेव्हा विचारलं, “काका, मुद्दाम करता का हो?”

ते म्हणाले, “मुद्दाम कशाला? बोटाखाली येईल ते जातं. सगळी तिचीच तर आहेत. आज कोणता वार आहे ते ती सांगायची. आता घरात विचारू कुणाला? फूल पाठवलं की तुम्ही ओरडता, आज गुरुवार आहे म्हणून. मग मला कळतं आज गुरुवार आहे.”

घरी येताना मला त्या पुलावर दोनदा थांबावं लागलं. तर ते असू दे.

पावसाळ्यात गल्लीच्या समितीवर नवे अध्यक्ष आले, पकॉनसाहेब. शहरातल्या मोठ्या कचेरीतून निवृत्त झालेले. शर्टाला कडक इस्त्री आणि बोलणं त्याहून कडक. त्यांनी ग्रुपवर नियम लावला: फक्त उपयुक्त माहिती. फुलं नकोत, गमतीजमती नकोत. तीन वेळा समज, मग बाहेर.

मी लिहिलं, “साहेब, माणूस उठलाय, जिवंत आहे, ही माहिती उपयुक्त नाही का?”

उत्तर आलं, “मावशी, हा संदेश विषयाला सोडून आहे. तुम्हाला पहिली समज.”

मला समज! हे अध्यक्ष व्हायच्या कितीतरी वर्षं आधीपासून मी या गल्लीच्या तोंडाशी केळी तळतेय! पण मी राहू दे. तीन दिवसांत काकांची तीन फुलं आली, तीनही चुकलेल्या वारांची, आणि चौथ्या दिवशी पडद्यावर एक ओळ उमटली: पकॉन यांनी सानान यांना ग्रुपमधून काढले.

एका बोटाने काढलं. घरातला उंदीरसुद्धा माणूस एवढ्या सहज बाहेर काढत नाही.

बुनरॉतने भांडण केलं, त्यालाही समज मिळाली. मी साहेबांच्या दारात जाऊन बोलले. ते म्हणाले, “भरतीची सूचना त्या फुलांच्या ढिगात हरवली असती तर जबाबदार कोण?” सांगा, आमच्या गल्लीतलं एक तरी माणूस फुलांमुळे बुडालंय का?

काकांचे गुडघे दुखतात. भरतीच्या दिवसांत त्यांच्या काठाचा लाकडी पूल पाण्याखाली जातो. तो ग्रुप हेच त्यांचं अंगण होतं. मी भेटायला गेले तर म्हणाले, “असू दे गं. त्यांना नको तर नको. मी काय लहान आहे रुसायला?” आणि रुसून फोन कपाटात ठेवून दिला.

आता मुख्य गोष्ट. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की आमच्या विहारात मोठं गायन-प्रवचन होतं. सगळं दान करून टाकणाऱ्या राजपुत्राची कथा भंते दिवसभर गाऊन सांगतात. मला विचाराल तर जगात त्याहून गोड काही नाही. माझी केळीसुद्धा नाहीत. प्रत्येक अध्यायाला एक घर यजमान असतं. अध्यायात जितकी कडवी, तितक्या मेणबत्त्या यजमानाने लावायच्या, हात जोडून समोर बसायचं, आणि शेवटी भांड्यातून पाण्याची धार सोडून ते पुण्य गेलेल्या माणसाच्या नावाने वाहायचं. आईचा अध्याय वर्षानुवर्षं लाम्यायचा. राजपुत्राने लेकरंसुद्धा दान केलेली असतात, त्यांची आई रानातून फळं घेऊन परतते आणि तिची लेकरं कुठेच दिसत नाहीत, तो अध्याय. लाम्यायला मूल नव्हतं. पण तो अध्याय ऐकताना ती अशी रडायची की शेजारच्यांचे पदर ओले व्हायचे. यंदा ती नव्हती. यंदा पहिल्यांदाच तिच्या नावाने पाणी सोडायचं होतं, आणि ते सानानकाकांच्याच हातून. शेवटच्या आजारात त्यांनी तिला तसा शब्द दिला होता.

प्रवचन शनिवारी होतं. पण शनिवारी मोठी भरती येणार, सभामंडपात पाणी शिरणार, म्हणून भंतेंनी ते गुरुवारवर आणलं. पकॉनसाहेबांनी ही सूचना चोख लिहून ग्रुपवर टाकली. उपयुक्त माहिती! सगळ्यांना पोचली. आणि प्रत्येकाला वाटलं, काकांना दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल. मला वाटलं बुनरॉत सांगेल, बुनरॉतला वाटलं मी सांगेन.

गुरुवारी मंडप गच्च भरला. खांबांना केळीचे खुंट आणि ऊस बांधलेले. भंते असे गात होते की अंगावर काटा उभा राहावा. एकेक अध्याय संपला की घंटेचा टोला पडायचा. आईच्या अध्यायाच्या आधीचा अध्याय सुरू झाला आणि मी पहिल्या रांगेत पाहिलं. यजमानाची चटई रिकामी.

मी बुनरॉतला खूण केली. “काकांना सांगितलंस ना?”

त्याचा चेहरा उतरला. “मला वाटलं तुम्ही...”

“तोंड काय बघतोस माझं? पूल पाण्याखाली आहे, होडी काढ!”

बुनरॉत चपला न घालता पळाला. इकडे घंटेचा टोला पडला आणि पकॉनसाहेब माइकजवळ उठले. अगदी शांतपणे म्हणाले, “या अध्यायाचे यजमान अनुपस्थित आहेत. वेळापत्रक बिघडू नये म्हणून समितीतर्फे यजमानपद मी घेतो.”

मी उठले. विहारात आवाज चढवू नये, ठाऊक आहे मला. चढवला.

“तो लाम्यायचा अध्याय आहे! तिच्या नवऱ्याला दिवस बदलल्याचं कळलं नाही, कारण तुम्ही त्याला बाहेर काढलंत!”

“सूचना रीतसर दिली होती, मावशी.”

“कुणाला दिली होती? ज्याला वारच कळत नाही त्याला तुम्ही वार सांगणारी माणसं तोडून दिलीत! रोज सकाळी आम्ही ओरडायचो तेव्हा त्याला दिवस समजायचा. तुम्हाला तो कचरा वाटला!”

मग मागून कुणीतरी म्हणालं, “खरंय.” मग आणखी एक. मी फोन काढला आणि लाम्यायचा पिवळा बहावा ग्रुपवर टाकला. शुभ सोमवार. गुरुवारी. साहेबांचा फोन माइकशेजारीच होता, त्याची किणकिण सगळ्या भोंग्यांतून घुमली. पाठोपाठ दुसरी, तिसरी. लाम्यायची फुलं प्रत्येकाच्या फोनमध्ये जपलेली निघाली. कुणी मंगळवारचं कमळ टाकलं, कुणी रविवारची जास्वंद. काढा आता कुणाकुणाला काढता ते! साहेब फोन बंद करायला धडपडत होते आणि फोन काही थांबत नव्हता.

व्यासपीठावरून भंतेंनी हात वर केला. आम्ही सगळे खाली बसलो. मला वाटलं, आता बोलणी बसणार. भंते म्हणाले, “आई रानात गेली आहे. वाट लांब आहे, तिला यायला वेळ लागणार. तोवर मी थोडं जास्तीचं गातो.”

दोन अध्यायांच्या मधे पदरची चार कडवी घालून गायची मुभा भंतेंना असतेच. जाणकार श्रोते त्याचसाठी येतात. पण त्या दिवशीचं गाणं मी कधी विसरणार नाही. एका गल्लीत सोमवार शनिवारी यायचा, मंगळवार वाट चुकून रविवारच्या घरी जेवायला बसायचा, आणि एक न्हावी त्या सगळ्या वारांचे कल्ले तिरके कापायचा. मंडप हसून हसून लोटपोट. मग भंतेंनी सूर खाली आणला. एक दिवस कुणीतरी सगळे वार नीट ओळीत लावले, आणि त्या ओळीत एका म्हाताऱ्याला जागा उरली नाही. तेव्हा हसू तिथंच थांबलं. पकॉनसाहेब मान खाली घालून बसले होते.

तेवढ्यात कालव्याच्या पायरीकडून आवाज आला.

“अरे हळू! तुला होडी वल्हवायला सांगितलं होतं, बुडवायला नाही!”

“गप्प बसा हो. तुमचं वजन कमी असतं तर केव्हाच पोचलो असतो.”

सानानकाका आले. गुडघ्यापर्यंत भिजलेले, छातीशी टोपली धरलेली. टोपलीत त्यांनी स्वतः वळलेल्या मेणबत्त्या, सगळ्या वाकड्यातिकड्या. शनिवारसाठी वळत बसले होते. भोंग्यावर गाणं ऐकू आलं तर त्यांना वाटलं, दोन दिवसांपासून जुनं ध्वनिमुद्रण लावून भोंगे तपासतात तेच असेल. चटईवर बसताना माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “मावशी, आज वार कोणता?”

“गुरुवार, काका.”

“बरं झालं सांगितलंस.”

वाकड्या मेणबत्त्या लागल्या. भंतेंनी आईचा अध्याय गायला. तो कसा गायला ते मी सांगणार नाही, मला सांगता येणार नाही. काकांनी पाण्याची धार सोडली तेव्हा बुनरॉतने खालून भांडं धरलं. पहिल्यांदाच त्या दोघांना एकमेकांशी न भांडता बसलेलं पाहिलं.

नंतर पकॉनसाहेब काकांपुढे येऊन म्हणाले, “मला कल्पना नव्हती.”

मी म्हणाले, “कल्पना कशी असेल? देणारी तोंडंच तुम्ही बंद केली होती.”

काका माझ्यापेक्षा भला माणूस. हात जोडून म्हणाले, “साहेब, मला परत घ्यायचं तर तिच्या फुलांसकट घ्या. नाहीतर मी काठावर बरा आहे.”

त्यांना फुलांसकट परत घेतलं. नियम मात्र अजून तिथेच लिहिलेला आहे, एवढंच की आता कुणी तो वाचत नाही. साहेब माझ्याकडे केळी घ्यायला येतात. देते. जरा जास्त करपलेली देते. तेवढा राग अजून शिल्लक आहे, पुढच्या वर्षावासापर्यंत जाईल कदाचित.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, काकांकडून फूल आलं. लाल जास्वंद. शुभ रविवार. आणि बुनरॉत लिहितो, “वा! म्हणजे उद्याच माझ्या दुकानाला सुट्टी!”

घ्या, तुमची केळी झाली, जपून खा, गरम आहेत. एवढंच करा. कधी कुणा म्हाताऱ्या माणसाकडून फोनवर चुकलेल्या वाराचं फूल आलं तर कपाळाला आठ्या घालू नका. आज कोणता वार आहे ते त्यांना सांगा. आणि सांगताना आमच्या लाम्यायची आठवण काढा.