वाकड्या चमच्याचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुना चमचा आहे. माझी मान एका बाजूला वळलेली आहे आणि दांडा काकडीएवढा जाड आहे. मला पाहून लोक विचारतात, "हा कुणी मोडला?" कुणीही नाही. मला मुद्दाम, मेहनतीनं वाकवलेलं आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चारचौघांसारखा सरळ होतो. एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी मला विकत घेतलं. बटणं लावणं, पेन्सिल धरणं, आपल्या हातानं जेवणं ज्या मुलांना जड जातं, त्यांना ती कामं शिकवणं हा ताईंचा व्यवसाय. त्यांच्या खोलीत झोपाळा होता, मोठाले चेंडू होते. त्यामुळे नातेवाईक म्हणत, "दिवसभर मुलांशी खेळायचं, मजा आहे बुवा तुझी." ताई नुसत्या हसत. मला मात्र राग यायचा.

त्यांनी मला वाकवलं ते टिचकीसाठी. टिचकी सहा वर्षांची. तिचं मनगट वळत नसे, बोटं घट्ट मिटत नसत, म्हणून ताईंनी माझ्या दांड्यावर जाड रबर चढवलं. सरळ चमचा तोंडाशी येईतो रिकामा व्हायचा. ताई माझी मान जराशी वळवायच्या, तिच्या हातात द्यायच्या, निरखायच्या आणि पुन्हा वळवायच्या. असं करता करता एके दिवशी दह्याचा घास थेट तिच्या तोंडात गेला. टिचकी इतकी चकित झाली की दही गिळायचंच विसरली. मला धन्य वाटलं. ताईंनी मला धुऊनपुसून तिच्या घरी पाठवलं.

तिथे माझं नशीब फुटलं.

सकाळी आई आधीच कामावर गेलेली, बाबांची निघायची घाई, शाळेची गाडी दारात. बाबा टिचकीला भराभर भरवत आणि मी खणात पडून राही. एकदा त्यांना एका डब्याचं झाकण निघेना. त्यांनी मला उचललं, झाकणाखाली घातलं आणि जोर लावला. "कामाचा आहे की हा," ते म्हणाले. मित्रांनो, त्या घरातलं माझं पहिलं कौतुक हे असं. मग मी रोजच झाकणं उचकटू लागलो. ताईंनी जीव ओतून दिलेला बाक पार बिघडला.

पुढे ताईंनी बाबांना टिचकीला आणि मला घेऊन बोलावलं. टिचकीनं मला उचललं. मी तिच्या गालावर आपटलो आणि दही कानापर्यंत गेलं. तिनं मला खाली ठेवलं आणि हात टेबलाखाली लपवला.

"बघितलंत ना?" बाबा म्हणाले. "जमत नाही तिला. उगाच हाल कशाला?"

ताईंनी मला उजेडात धरलं. "तिला जमत होतं. चमच्याचं काय केलंत?"

बाबांनी खरं ते सांगितलं. ताईंचा चेहरा लाल झाला. "मी इथे शिकवायचं आणि घरी सगळं मुसळ केरात."

"मग उपाशी पाठवू शाळेत? गाडी थांबते का आमच्यासाठी?"

दोघांचंही खरं होतं. म्हणून तर जास्त वैताग आला. शेवटी ताई म्हणाल्या, "सकाळी भरवा. पण संध्याकाळी तिचं तिला जेवू द्या. आणि तुम्ही हात मांडीखाली दाबून बसा."

त्यांनी मला पुन्हा वाकवलं. त्या संध्याकाळी टिचकी जेवायला बसली. थोडं पोटात, बरंच फ्रॉकवर. बाबांचा हात सारखा मांडीखालून निसटत होता. अखेर त्यांना राहवेना. "चल, उरलेलं मी देतो," म्हणत त्यांनी सरळ चमचा घेतला. टिचकीनं तोंड फिरवलं आणि कोपरानं त्यांचा हात बाजूला सारला.

"मी जेवतेय," ती म्हणाली.

बाबांनी चमचा खाली ठेवला. वाटीतलं सगळं गार होईपर्यंत ते हात मांडीखाली दाबून बसले, आणि टिचकी जेवत राहिली.

अजूनही सकाळी मी खणात पडून चरफडत असतो. संध्याकाळ तेवढी आमची.

मित्रांनो, तुमच्याही वर्गात एखाद्याला दप्तराची चेन लावायला वेळ लागत असेल. त्याच्या हातातून दप्तर ओढून घेऊ नका. "मदत हवी का?" एवढंच विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. कदाचित उत्तरही सावकाशच येईल.