ठोकळ्यांवरची शेवरोलेट

आमच्या गावची नदी गाफील गाठत नाही. ती सांगून येते. धक्क्यावरच्या मोजपट्टीचा आकडा रेडिओवर सकाळ-संध्याकाळ ऐकवला जातो, आणि आमच्या या साल्तो गावाच्या सखल वस्तीतले लोक त्यावरून पलंग केव्हा हलवायचे ते ठरवतात. एवढी सवड मिळूनही माणसाला काही करता येऊ नये, यासारखी विटंबना मला ठाऊक नाही.

माझे भावोजी ओलेगारियो अकरा वर्षे घरालगतच्या पत्र्याच्या छपरीत १९२७ सालची शेवरोलेट मोटार दुरुस्त करीत होते. एका मळ्यावर ती त्यांना सापडली तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. तिच्या वरच्या भागाचा सांगाडा लाकडी. त्याची प्रत्येक पट्टी त्यांनी हाताने नव्याने घडवली होती. आदल्याच आठवड्यात तो सांगाडा सरस लावून, पत्रा चढवून, खालच्या चौकटीवर पक्का बसवला होता. चाके मात्र आरे बदलण्यासाठी सुताराकडे होती आणि पुढचा आस लोहाराकडे. पूर महिनाभर आधी आला असता, तर मोटार तुकड्यातुकड्यांनी हातगाडीवरून चढावर गेली असती. दोन महिन्यांनी आला असता, तर स्वतःच्या चाकांवरून गेली असती. आता ती चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, आणि छपरीपर्यंतच्या बोळात क्रेन शिरत नव्हती.

सामान न्यायला लष्कराचा ट्रक आला. यादी हातात घेतलेल्या जवानाने भावोजींकडे बघून नकारार्थी मान हलवली. “पलंग, फ्रिज, शेगडी. मोटार नाही, आजोबा.”

“मोटार कुठाय? हिला चाकं तरी दिसतात का तुला?” भावोजी म्हणाले.

“मग तर मुळीच नाही.”

ट्रक गेल्यावर मी म्हणालो, “खोला तिला, भावोजी. अजून दोन दिवस आहेत.”

“सरस धरलाय रे. आता खोलायचं म्हणजे फोडायचं.”

“फोडलेलं जोडता येईल. भिजून फुगलेल्या लाकडाचं काय करणार?”

“बरं, तू जिंकलास. आता तो पाना दे इकडे.”

पाना त्यांना खोलण्यासाठी नको होता. इंजिनाचे तोंड उघडून त्यांनी ते गळ्यापर्यंत तेलाने भरले; जिथे तेल आहे तिथे पाणी शिरणार नाही, असा त्यांचा हिशेब. बिजागऱ्यांना, सांध्यांना आणि कड्यांना त्यांनी खाटिकाकडून आणलेली बैलाची चरबी फासली. माझी बहीण देल्मिरा दारात उभी राहून बघत होती.

“माझं शिवणयंत्र अजून खालीच आहे, आणि सगळी चरबी त्या बयेला!”

“यंत्र मी डोक्यावरून नेतो, ताई,” मी म्हणालो.

“तू राहू दे. तू नेताना वाटेत यंत्राशीच भांडशील.”

ओलेगारियो हसले. दुपारी वस्तीतली कुत्री आली आणि चरबी चाटू लागली. त्यांना हाकलण्यात आमची संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी अंधार पडायच्या आत पाण्याने बोळाचे तोंड गाठले. आम्ही मोटार साखळीने खांबाला बांधली आणि चढावरच्या शाळेत राहायला गेलो.

तीन दिवस रेडिओवरचा आकडा चढत राहिला. चौथ्या दिवशी भावोजींनी कोळ्याची होडी मागून घेतली. आम्ही बोळातून, ओळखीच्या खिडक्यांच्या वरच्या कडांजवळून, छपरीपाशी पोहोचलो. छपराचा पत्रा आणि पाणी यांच्यात हातभर अंतर उरले होते. मी होडी खांबाला बांधली. त्यांनी पत्र्याखालून वल्हे तिरपे आत घातले आणि गढूळ पाण्यात हळूहळू खाली सोडले.

“लागलं,” ते म्हणाले. “टप आहे.”

मग त्यांनी वल्हे थोडे पलीकडे नेऊन पुन्हा टेकवले. या वेळी ते बरेच खाली गेले. त्यांनी परत अलीकडे टेकवून पाहिले, परत पलीकडे.

“पुढचा ठोकळा सुटलाय,” ते म्हणाले. “कलतेय ती.”

टपाच्या उंच राहिलेल्या बाजूला वल्हे रोवून ते त्यावर सगळ्या अंगाने रेलले. वरून दाबलेली मोटार कलायची थांबत नाही, उलट दाबाने उरलेले ठोकळेही निसटू शकतात. हे मी त्यांना सप्रमाण पटवून देऊ शकलो असतो. त्यांच्या मनगटांच्या शिरा ताठ झाल्या होत्या. मी दुसरे वल्हे उचलून त्यांच्या वल्ह्याशेजारी टेकवले. टपावरचे कापड भिजून मऊ झाले होते. त्याखाली काहीतरी संथपणे सरकत असल्याचे मला हातांत जाणवले.

“धरलंयस ना?”

“धरलंय, भावोजी.”

चढावरून देल्मिरा जेवायला हाका मारत होती. आम्ही दोघे वल्ह्यांवर तसेच रेलून राहिलो.