मंगळवारी आलेली चिठ्ठी

व्हालसेराच्या राणी ज्युस्तिना रोज सकाळी आठाला कामाला बसत. १७६४ सालच्या त्या मंगळवारीही बसल्या. मिठावरचा कर, नदीवरचा मोडका पूल, तुरुंगातल्या दोघांची माफी. एकामागून एक कागद पुढे येत होते आणि राणी वाचून सही करत होत्या. वडिलांमागे गादी त्यांच्याकडे आली त्याला सहा वर्षं झाली होती. नवरा शिकारीच्या नादी होता आणि त्याला सहीचा अधिकारही नव्हता. राणींच्या शब्दापुढे राज्यात कुणाचं काही चालत नसे. स्वतःच्या मुलाला अंगावर पाजायचं मात्र त्यांच्या हातात नव्हतं.

कुणी अडवलं होतं? रीतीनं. आमच्या व्हालसेरात रीत नावाच्या या बाईला ना चेहरा ना पत्ता, पण तिचा हुकूम राणीलाही मोडता येत नाही. राजपुत्र तेओदोरो जन्मले त्याच संध्याकाळी राणींच्या छातीवर कापडाचे पट्टे आवळून बांधले. नऊ दिवस त्या तापानं फणफणत होत्या. दहाव्या दिवशी दूध आटलं आणि राजवैद्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं.

"रडू नकोस," मातोश्री कामिल्ला उशाशी बसून म्हणाल्या होत्या. "मलाही असंच बांधलं होतं. पाजत बसलीस तर दुसरं मूल लांबणीवर पडतं, आणि एका पोरावर गादी टिकत नाही."

"पण आई, तो माझा आहे ना?"

"तो राज्याचा आहे. तू फक्त जन्म दिलास."

राजपुत्रांसाठी दूधआई आणली ती डोंगरातल्या पिएत्राल्ता गावातून. ब्रिजिदा तिचं नाव, वय तेवीस. वैद्यांनी तिचे दात पाहिले, केस ओढून पाहिले, बाजारात गाय पाहावी तसं सगळं पाहिलं आणि पसंत केली. तिची स्वतःची मुलगी नेल्ला तेव्हा दोन महिन्यांची होती. तिला गावी जावेकडे, मेनिकाकडे ठेवावं लागलं. बदल्यात ब्रिजिदाच्या नवऱ्याला सरकारी रानात रखवालदारी मिळाली, आणि गावात सगळे म्हणाले, नशीब काढलंन.

दूधआईला नियम होते. लसूण खायची नाही, घरी जायचं नाही, नवऱ्याला भेटायचं नाही, रडायचं नाही. दुःखानं दूध नासतं, असं वैद्यांचं म्हणणं. म्हणून दूधआईच्या नावची प्रत्येक चिठ्ठी आधी ओर्सोलाबाई फोडत. या ओर्सोलाबाई राजपुत्रांच्या महालाच्या कारभारीण. चांगली बातमी असेल तर त्या वाचून दाखवत. वाईट असेल तर चिठ्ठी मूल दूध सोडेपर्यंत कपाटात पडे. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं एकाही शहाण्याला वाटलं नव्हतं.

राणींना मुलाला भेटायला दहा वाजता पाव तास मिळे. त्या मंगळवारी पुलाचा वाद लांबला आणि साडेदहा झाले. महालाच्या दाराशी पोहोचल्या तेव्हा आत हसण्याचा आवाज येत होता.

"काय झालं?"

"हसले, राणीसाहेब!" ओर्सोलाबाईंचा चेहरा फुलला होता. "पहिल्यांदाच आवाज काढून हसले! ब्रिजिदानं नुसती जीभ काढून दाखवली तर काय खिदळले म्हणून सांगू."

राणींनी हात पुढे केले. तेओदोरोनं आईच्या गळ्यातल्या रत्नांकडे पाहिलं, ओठ काढला आणि रडायला लागला. त्यांनी जीभ काढून दाखवली. दरबाराला धाक असलेली ती राणी चार दासींसमोर जीभ काढून उभी राहिली, आणि मूल आणखीच जोरात रडलं. ब्रिजिदानं घेताच ते गप्प झालं. तिच्या मानेत तोंड खुपसून त्यानं एक उसासा टाकला.

राणींच्या मनात आलं: ही बाई अडाणी, पाय फुटलेले, अंगाला मेंढरांचा वास. आणि माझ्या मुलाचं पहिलं हसू हिला! त्यांना वाटलं, तिला आत्ता केसाला धरून जिन्यावरून ढकलावी. मग वाटलं, आपणच ती व्हावं, तिचं परकर-पोलकं घालून त्या खुर्चीत बसावं. मत्सराचं असंच असतं, ज्याचा राग येतो त्याच्याच जागी बसायचं असतं.

त्याच दुपारी ओर्सोलाबाई एक फोडलेली चिठ्ठी घेऊन आल्या. पिएत्राल्ताच्या पाद्रीबाबांनी लिहिली होती. नेल्लाला जुलाब लागले आहेत, बकरीचं दूध पोटात ठरत नाही, मूल सुकत चाललं आहे. आई आली आणि अंगावर घेतलं तर वाचेल. लवकर पाठवा.

"एरवी मी तुम्हाला त्रास दिला नसता," ओर्सोलाबाई म्हणाल्या. "सरळ कपाटात टाकली असती. पण पाद्रीबाबांचा शिक्का आहे. खालच्या घरात राखीव दूधआया तीन आहेत. तिला सोडायचं तर राजपुत्रांची काही अडचण नाही. तुम्ही म्हणाल तसं."

ती बाई नजरेसमोरून जावी म्हणून राणी चार महिने देवाकडे मागत होत्या. एक शब्द बोलला की ती गेली असती. पण गेली असती कुठे? स्वतःच्या लेकीकडे. लेकीला छातीशी धरलं असतं, आणि तिचंही हसू तिलाच मिळालं असतं. दोन्ही हसू तिची, आणि राणीच्या वाट्याला पाव तास.

"रीत काय आहे?" राणींनी विचारलं.

"रीत म्हणजे, थांबवायची."

"मग थांबवा."

इतकंच बोलणं झालं. मग राणींनी मिठाचा कागद पुढे ओढला, आणि गरिबांच्या बाजूनं निकाल दिला म्हणून मंत्र्यांनी त्यांची वाहवा केली.

बुधवार गेला, गुरुवार गेला. राणींना जेवण जाईना, पण चिठ्ठीचा विषय त्यांनी काढला नाही. शुक्रवारी त्या मुद्दाम लवकर महालात गेल्या. ब्रिजिदा खिडकीशी बसून पाजत होती. तिचे डोळे मिटलेले होते.

"झोप येते का गं?" राणींनी टोचून विचारलं. "की राजपुत्राचं तोंड बघायचा कंटाळा आला?"

ब्रिजिदा दचकली. "न्हाई राणीसाहेब. चुकलं. डोळं मिटलं की मला वाटतं, माजी नेल्लाच पितीया. तोंड तेवढंच, ओढ तेवढीच. उगंच आपलं मनाला बरं वाटतं."

ब्रिजिदाला चार महिन्यांत राणींनी पहिल्यांदाच काही विचारलं होतं, त्यामुळे ती बोलत राहिली.

"खोटं कशाला बोलू, माजी जाऊ लई चांगली हाय. पण रातंदिस तिचा राग येतो. पोरगी आता हसत आसंल, तर कुणाकडं बगून? मेनिकाकडं. मी गेले तर मला वळकायची बी न्हाई, तिच्याच कडंवर जाईल. देवा, मला वाटतं जाऊन तिच्या झिंज्या उपटाव्या. आन् ती बिचारी माजंच लेकरू सांभाळतीया! असं वाटणं पाप हाय का हो?"

राणी तिच्या शेजारी बसल्या. गेले चार महिने ज्या विषानं त्यांचं अंग जळत होतं, तेच विष ही बाई त्यांच्याच मुलाला पाजता पाजता गिळत होती. आणि त्या मात्र तिला चोर समजत होत्या.

"ओर्सोला," त्यांनी हाक मारली. "माझी गाडी जोडायला सांगा. सहा घोड्यांची. हिला पिएत्राल्ताला पोहोचवा. ब्रिजिदा, तुझी मुलगी आजारी आहे. चिठ्ठी आलीय. ऊठ."

"आजारी?" ब्रिजिदानं मूल राणींच्या मांडीवर टाकलंच म्हणा. तिनं जोडे घातले नाहीत. जिन्यावरून धावत गेलेली तिची पावलं सगळ्या वाड्यानं ऐकली.

ती दिवस मावळायच्या आत पोहोचली. नेल्ला आदल्या दिवशी संध्याकाळी गेली होती.

सोमवारी ब्रिजिदा परत आली. कुणी बोलावली नव्हती. राणी, मातोश्री आणि ओर्सोलाबाई राजपुत्रांच्या महालात होत्या. राखीव दूधआयांपैकी एक, सेराफिना, मुलाला घेऊन उभी होती आणि मूल तिचं पीत नव्हतं, रडत होतं.

"आलीस बाई!" मातोश्री म्हणाल्या. "देवाची इच्छा होती ती झाली. आता डोळे पूस आणि घे याला. तीन दिवस नीट प्यायलेला नाही."

ब्रिजिदानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "मला एकच इचारायचंय. पाद्रीबाबा म्हनले, चिठ्ठी त्यांनी मागल्या सोमवारी धाडली. हितं कदी आली?"

"शुक्रवारी," ओर्सोलाबाई पटकन म्हणाल्या. "आली तशी तुला सांगितली. तू होतीस ना इथंच."

हे खोटं निभावून गेलं असतं. राणीच्या कारभारणीला खोटं ठरवणारं तिथं कोण होतं?

"मंगळवारी," राणी म्हणाल्या.

"ज्युस्तिना!" मातोश्री ओरडल्या.

"मंगळवारी दुपारी आली, आई. ओर्सोलानं मला विचारलं आणि मी थांबवायला सांगितलं. रीत म्हणून नाही. रीत मी फक्त पुढे केली." त्या ब्रिजिदाकडे वळल्या. "माझं मूल तुझ्याकडे बघून हसलं होतं. मला ते सहन झालं नाही."

तेओदोरोनं ब्रिजिदाचा वास ओळखला असावा, तो सेराफिनाच्या हातांतून तिच्याकडे झेपावत किंचाळत होता. त्या आवाजानं ब्रिजिदाच्या पोलक्याच्या पुढच्या भागावर दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले. सगळ्यांनी ते पाहिलं. तिनं हातांची घडी घालून ते झाकले.

"मंगळवारी निगाले आसते तर बुदवारी ती माज्या अंगावर आसती," ती म्हणाली. "लेकराचा राग न्हाई मला. पर ह्ये दूद आता त्याचं न्हाई. जाते मी."

"अगं पण नवऱ्याची नोकरी..." मातोश्रींनी सुरुवात केली.

"ती बी ठेवा तुमच्यापाशी," ब्रिजिदा म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

तेव्हा सेराफिना पुढे आली. तिनं राजपुत्रांना राणींच्या हातांत दिलं, अदबीनं, पण दिलं.

"ओर्सोलाबाई, माझा मुलगा सात महिन्यांचा आहे. ईस्टरपासून मला एकही चिठ्ठी नाही. कपाटात आहे का?"

ओर्सोलाबाईंनी कमरेच्या किल्ल्या मुठीत धरल्या.

"कपाट उघडा," राणी म्हणाल्या.

आत अकरा चिठ्ठ्या निघाल्या. संध्याकाळपर्यंत तिन्ही राखीव दूधआया घरी गेल्या, एक रडत, दोघी धावत. आणि त्याच संध्याकाळी राणींनी सही करून हुकूम काढला, की व्हालसेरात यापुढे कुणाच्याही घरी दूधआई ठेवायची तर तिचं मूल तिच्या मांडीवर असलं पाहिजे, आणि तिची चिठ्ठी तिच्याशिवाय कुणी फोडता कामा नये. मातोश्रींनी तो कागद फाडला. राणींनी दुसरा लिहिला. एका हातानं लिहिला, कारण दुसऱ्या हातावर उपाशी तेओदोरो होता, आणि त्याला द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

हा हुकूम पुढे किती पाळला गेला ते विचारू नका. रीत मोठी चिवट. तिनं राजवाडा सोडला आणि ती तुमच्या-आमच्या घरांत येऊन राहिली. तुमच्या बाळाला आत्ता जी बाई जोजवते आहे, तिला जाऊन एवढंच विचारा, तुझं मूल कुठे आहे? आणि ती सांगू लागली तर पुरतं ऐकून घ्या.