व्हॉल्व्हवरचं नारळपाणी

कोलशेतच्या गुणाजी पाटकरांचं आयुष्य कोळशाच्या वीजकेंद्रांना व्हॉल्व्ह पुरवण्यात गेलं. आता ती गिऱ्हाइकं आटत चालली होती. कारखान्यात क्वालिटी बघणाऱ्या सुनेने, हेमांगीने, नव्या धर्तीच्या छोट्या अणुभट्टीचं काम शोधून आणलं.

"पप्पा, धूर नाही, आणि ऊन-वारा नसला तरी वीज चालू. पुढे हेच चालणार."

धुराशी गुणाजींना देणंघेणं नव्हतं. 'पुढे चालणार' एवढंच त्यांनी ऐकलं.

नमुन्याचा व्हॉल्व्ह पास झाला, तर ऑर्डर. त्या स्टीलला मीठ-क्षार लागले तर भट्टीच्या उष्णतेत बारीक तडे जातात, म्हणून हेमांगीने हातमोज्यांशिवाय कुणाला शिवू दिलं नाही.

तपासणीच्या सकाळी ती इन्स्पेक्टरना आणायला माजिवड्याला गेली आणि गुणाजींनी डाव साधला. पूजेविना त्यांचा माल आजवर गेटबाहेर पडला नव्हता. त्यांनी नारळ फोडला, पाणी व्हॉल्व्हवर शिंपडलं, पुसून चकचकीत केलं. तेही हातमोजे घालून. नियम म्हणजे नियम!

इन्स्पेक्टर राजरत्न गायकवाडांनी सगळी मापं घेतली. सगळी बरोबर. खुशीत येऊन गुणाजींनी चहाबरोबर खोबरं पुढे केलं. "घ्या साहेब, प्रसाद."

"ताजं आहे," राजरत्न चावत म्हणाले. "पाणी कुठे गेलं?"

हेमांगीने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी पंख्याकडे.

'प्यायलो' हा शब्द गुणाजींच्या जिभेवर तयार होता. "साहेब, खरंच तडा जातो?"

"आज नाही. काही वर्षांनी. आणि तिथे पान्हा घेऊन सहज आत शिरता येत नाही."

व्हॉल्व्हवर 'पाटकर' कोरलं होतं. गुणाजींनी ते नाव पुन्हा वाचलं.

"त्याच्यावरच शिंपडलं."

"रिजेक्ट."

"म्हणजे आम्ही गेलो?"

"नमुना गेला. तुम्ही दुसरा बनवा."

"पप्पा, अहो, काय हे!"

"हातमोजे घातलेले गं!"

दुसरा व्हॉल्व्ह पास झाला, ऑर्डर आली. पहिला माल भरलेला ट्रक निघताना गुणाजी वाकून चाकाखाली लिंबू ठेवत होते. हेमांगीने डोळे वटारले.

"चाक भट्टीत जात नाही," ते म्हणाले. "गायकवाडसाहेबांना फोन करून विचारलंय."