धुरांड्याला धागा

मी एक जुना पडदा आहे, मित्रांनो. खिडकीचा नाही, पिक्चरचा. रायपूरच्या बूढ़ापाऱ्यात आपल्या मराठी लोकांचं एक मंडळ आहे. त्याच्या हॉलमध्ये दर गणपतीत मले टांगत होते.

माझा जन्म मांजरपाटाच्या पट्ट्यांतून झाला. मंडळातल्या बायांनी एका दुपारी सतरंजीवर बसून मले शिवलं. मधली मोठी शिवण सुशीलानं घातली. ती तेव्हा नवी नवरी होती, वर्ध्याहून आलेली. शिलाई मशीन अशी चालवली का दारातली कुत्री रेल्वे आली समजून पळत सुटली. मंग मले नीळ घातली. मी इतका पांढरा झालो का बूढ़ा तालाबावरचा एक बगळा हॉलमध्ये आला, मले पाहून लाजला अन् तोंड लपवून परत गेला. खोटं वाटते? मंग त्या बगळ्याले विचारा.

आता एक खरी गोष्ट सांगतो. पडद्यानं पिक्चर कधीच पाहिलेला नसतो. पिक्चर माझ्या अंगावर चालतो अन् माझं तोंड तुमच्याकडे. तुमी मले पाहता, मी तुमाले पाहतो. कोण कुठं हसलं, कोणी पदर डोळ्याले लावला, कोण बायकोच्या खांद्यावर घोरला, हे सगळं मले ठाऊक. एका वर्षी असा रडका पिक्चर लागला का लोकांच्या आसवांनी तालाब भरून सडकेवर आला. पेपरात काहून नाही आलं म्हणता? पेपरवालाही रडत होता ना!

माझी लय वाहवा होती. "आपल्या पडद्यासारखा पडदा नाही," असं म्हणत. दरवर्षी गणपतीच्या आधी मले धूत, वाळवत, इस्त्रीसुद्धा करत. मंग एकेकाच्या घरी मोठे टीव्ही आले अन् माझी धुलाई चुकू लागली. एका कोपऱ्यावर पानाचा डाग पडला, तो कोणी काढला नाही. डाग पाडणाऱ्याचं नाव मी सांगणार नाही, तो अजून पान खातो.

सुशीलाचा नवरा श्यामराव. रेल्वेत होता, आता रिटायर. दोघांचा एकच पोरगा, अनिमेष. त्यानं इंजिनीअरिंग सोडलं अन् गिटार धरली, तेव्हापासून बापलेकात बोलणं कमी झालं. जे काही होतं ते सुशीलामार्फत. "बाबांना सांग" अन् "त्याले म्हण". मंग सुशीला आजारी पडली अन् गेली. निरोप नेणारीच गेली. श्यामराव रडला नाही, बोलला नाही. तेराव्यानंतर पोरानं बॅग उचलली अन् तो पुण्याले गेला. बापाले दुःख झालंच नाही, ही गाठ त्यानं मनात बांधून घेतली.

मागच्या वर्षी गणपतीत तो परत आला. स्वतः केलेला पिक्चर घेऊन. रायपूरजवळ उरला म्हणून कारखान्यांची वस्ती आहे, तिथल्या एका बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्यात त्यानं तो काढला होता, घरी न कळवता. नाव 'धुरांड्याचा वड'. त्यात कोणी बोलतच नव्हतं, सगळे गातच होते, अन् तेही इलेक्ट्रिक गिटारीवर. त्याले रॉक ऑपेरा म्हणतात म्हणे.

लोकांच्या तोंडून मले कळली ती गोष्ट अशी. एका कामगाराची बायको मरते. बायका वडाले धागा बांधतात ना नवऱ्यासाठी, तसा हा गडी बायकोसाठी धागा बांधाले निघतो. उरल्यात वड सापडत नाही, म्हणून कारखान्याच्या धुरांड्यालेच लोखंडी तार गुंडाळून फेरे घालतो. मंग यम येतो. रेड्यावर नाही, ट्रकवर, अन् गिटार वाजवत.

त्या दिवशी हॉल भरला होता. अनिमेष मागं दारापाशी उभा होता, पिक्चर दाखवायच्या मशीनजवळ. पाय सारखा हलवून राहिला होता. बाकी कोणाले पिक्चर कसा वाटतो, याच्याशी त्याले काही घेणं नव्हतं. त्याची नजर पहिल्या रांगेत बसलेल्या श्यामरावाच्या पाठीवर होती. बाप पिक्चर पाहील का, अन् पाहून आपल्याशी काही बोलेल का, एवढंच त्याले पाहायचं होतं.

पहिली गिटार वाजली अन् बाप्पा! माझ्या चारही कोपऱ्यांच्या दोऱ्या झणझणल्या.

दुसऱ्या रांगेत गोदूकाकू होती, सुशीलाची मैत्रीण. नातीले म्हणाली, "ऋता, हे सगळे गाऊनच काहून बोलून राहिले?"

"आजी, ये रॉक ऑपेरा है. इसमें सब गाके ही बोलते हैं."

"अन् भांडण झालं तर?"

"वो भी गाके."

"मंग बरं आहे. माझी जाऊ असती तर एका भांडणात शास्त्रीय संगीत शिकली असती."

माणूस धुरांड्याले तार बांधाले लागला तशा बाया खुदखुदल्या. एक म्हणाली, "आमच्या यांनी तर साधी कपड्याची दोरी बांधून नाही दिली कधी!" मंडळाचे सचिव श्रीपादभाऊ दातांचे डॉक्टर. समता कॉलनीत दवाखाना आहे त्यांचा. त्यांनी आपलाच गाल धरून ठेवला होता. एक काका उठून प्रसादाच्या दिशेनं गेले ते आलेच नाहीत. पोट्टे खुर्च्यांवर उभं राहून माना झटकत होते. यम गायला लागला तेव्हा एक लहान पोट्टी रडली अन् तिची आई हसली.

आता ऐका, मित्रांनो. आपल्या मंडळातल्या म्हाताऱ्यांची एक सवय आहे. विसर्जनाचा डीजे वाजला रे वाजला का सगळे कानातलं ऐकायचं मशीन काढतात अन् रुमालात बांधून खिशात ठेवतात. त्याशिवाय तो डीजे सोसवत नाही. पहिली गिटार वाजली तेव्हा श्यामरावाचाही हात तसाच कानाकडे गेला. मशीन निघालं, रुमालात गेलं, रुमाल खिशात गेला. त्यानं काही मुद्दाम नाही केलं. हातानंच केलं. मागून अनिमेषले ते दिसलं नाही. मले दिसलं.

अन् तो बसला. शहाण्या विद्यार्थ्यासारखा, मांडीवर हात ठेवून. पूर्ण पिक्चरभर उठला नाही. पोराचं काम आहे, पाहिलं पाहिजे, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं.

शेवटी गिटारी थांबल्या. सगळं चूप. धुराआड एक बाई पाठमोरी उभी राहते, अन् फक्त आवाज येतो. बिनवाद्याचा, घरातल्यासारखा.

"सात फेरे झाले तुमचे, आता धागा सोडा,
पोरगा उभा दारामंदी, दोन शब्द बोला."

गोदूकाकूच्या हातातून पर्स पडली. "बाई गं... सुशीला!"

हव, मित्रांनो. तो आवाज सुशीलाचा होता. ती आजारी असताना पोरानं स्वयंपाकघरात तिच्याकडून हे गाणं गाऊन घेतलं होतं, अन् मंग त्याच गाण्यावर पिक्चर रचला. कोणासाठी गाते, हे तिले पक्कं ठाऊक होतं. आता सगळ्यांले कळलं का तो धागा बांधणारा वेडा माणूस कोण आहे. पोराले वाटत होतं, आपला बाप असा रडायला पाहिजे होता. म्हणून त्यानं पिक्चरमधल्या माणसाले तसं रडवलं. हसणाऱ्या बाया रडू लागल्या. श्रीपादभाऊंचा हात गालावरून डोळ्यावर गेला. मंग एकेक मान वळली, अन् सगळा हॉल श्यामरावाकडे पाहू लागला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, पिक्चर चालू असताना, माझ्याकडे कोणीच पाहत नव्हतं.

श्यामराव गोंधळला. त्याले वाटलं, आपण घोरलो का काय. त्यानं शर्टाच्या गुंड्या चाचपल्या, टोपी सरळ केली. डोळे कोरडे.

दिवे लागले. दारात अनिमेष उभा होता.

"बाबा..."

श्यामराव ऐकू न येणाऱ्या माणसासारखा मोठ्यानं बोलला, "झालं ना? चांगलं झालं. आवाज लय करतोस बाबा तू!" अन् चपला शोधत निघून गेला.

पोरगा दारातच राहिला. त्याच्या तोंडाकडे मले पाहवत नव्हतं. पण मले डोळे मिटता येत नाहीत. अन् खिशात मशीन आहे, हे सांगाले तोंडही नाही. पडद्याचा जन्म वाईट, पोट्टेहो. त्याच रात्रीच्या गाडीनं अनिमेष गेला.

दुसऱ्या दिवशी मले उतरवून घडी घालत होते. श्यामराव नैवेद्याचा डबा परत न्यायला आला. गोदूकाकूचा राग काही गिळला गेला नव्हता.

"भावजी, दगड आहात का हो तुमी? सुशीलाचा आवाज ऐकून बी डोळ्यात टिपूस नाही?"

"कोणाचा आवाज?"

"कोणाचा म्हणजे? शेवटी कोण गायलं?"

श्यामरावानं तिच्याकडे पाहिलं. मंग हळूच हात कानातल्या मशीनवरून खिशाशी नेला. तिथंच ठेवला. गोदूकाकू समजली अन् खाली बसली, माझ्या घडीवरच.

"काय म्हणाली ती?" त्यानं विचारलं.

गोदूकाकूनं सांगितलं.

"अनिमेषले मी लावते फोन, आत्ता," ती म्हणाली.

"नका लावू. माझं मी सांगीन त्याले."

इथंच चुकलं. फोनवर त्याले नीट ऐकू येत नव्हतं. दोनदा लावला, पोरानं उचलला नाही. मंग आज नको, उद्या, दिवाळी झाल्यावर, असं करत राहिला. थंडीत मोठा ताप आला. उतरला तो कान घेऊनच. मशीन घातलं तरी आता नुसता भुंग्याचा आवाज.

मंडळानं मोठा टीव्ही घेतला. मले अडगळीतल्या गाद्यांवर टाकलं. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. पानाच्या डागाचा होता, म्हणून मी काही बोललो नाही.

उन्हाळ्यात शेवटी गोदूकाकूनं श्यामरावाचा शब्द मोडला. ऋताचा मोबाइल घेतला अन् अनिमेषले निरोप बोलून पाठवला. "तुझ्या बापाचं मशीन खिशात होतं रे, पोरा. त्यानं काही ऐकलंच नाही."

तो मिळेल त्या गाडीनं आला. श्रीपादभाऊ म्हणाले, "टीव्हीवर लावू." अनिमेष म्हणाला, "नाही काका, पडदा काढा. आईनं शिवला आहे." मले झटकलं, टांगलं. खुर्च्या दोनच मांडल्या.

श्यामरावानं मशीन कानात घातलं होतं. गिटारीच्या वेळीही काढलं नाही. शेवटी धूर आला, पाठमोरी बाई आली. अनिमेषनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आता, आता. म्हातारा पुढं वाकला. इतका वाकला का खुर्चीचे मागचे पाय उचलले गेले. ओळी आल्या अन् गेल्या.

"आलं का तिचं?" त्यानं विचारलं.

अनिमेषनं मागं नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा गेलं. म्हाताऱ्याची मान नाही म्हणून हलली.

मंग पोरानं आवाज बंद केला. तोंड बापाच्या कानाशी नेलं अन् आईच्या ओळी स्वतः म्हणाला. हळू म्हणून उपयोग नव्हता, ओरडूनच म्हणाव्या लागल्या. अंगाईसारखं गाणं, अन् पोरगा हॉल हादरेल असा ओरडून राहिला होता. "पोरगा उभा दारामंदी, दोन शब्द बोला." आवाज फाटला, तरी म्हणत राहिला.

श्यामरावानं ऐकलं. पोराचं तोंड दोन्ही हातांनी धरलं.

"जेवला का?" त्यानं विचारलं.

अनिमेषनं नाही म्हणून मान हलवली. मंग दोघंही रडले. सुशीलाचा आवाज मात्र त्या माणसाले नाही तो नाहीच ऐकू आला. याच्यात मी तिखटमीठ काही लावलं नाही. लावता आलं असतं तर आवाज ऐकू आला असंच सांगितलं असतं तुमाले.

मित्रांनो, मले धुवा न धुवा, उंदरांले वाढा, माझं झालं. पण तुमच्या घरी कोणी म्हातारं माणूस चूप बसलं असेल, तर त्याच्यावर रुसाच्या आधी त्याचा खिसा तपासा. मशीन सापडलं तर ते पुसा अन् त्याच्या कानात घाला. आजच घाला, जवळ बसा अन् काय सांगायचं ते सांगून टाका.