किर्बी उतारावर तीन गाड्या

ग्रेफोर्डच्या बचाव पथकात परीक्षा एकच होती आणि ती सगळ्यांना सारखी. किर्बीचा उतार बर्फगाडीवरून आडवा पार करायचा, आणि पार करताना उंची गमवायची नाही. सरळ वर काय, गॅस पिळला की कोणीही चढतो. पण जखमी माणूस सरळ वाटेवर क्वचितच सापडतो. त्याच्यापर्यंत पोचायचं तर गाडी एका कडेवर कलती धरून, दोरीवरून चालल्यासारखी न्यावी लागते. तिन्ही खेपांना जो दहा फुटांहून जास्त खाली घसरला, त्याचं नाव डोंगराच्या यादीतून जातं आणि तो पायथ्याला वायरलेसवर बसतो.

डेलविन हर्स्ट त्रेसष्ट वर्षांचा होता आणि या हिवाळ्यात दोनदा घसरला होता. एकदा वीस फूट, एकदा तीस. आजची खेप तिसरी आणि शेवटची.

पथकाला एक नवी गाडी घ्यायची होती, म्हणून पथकप्रमुख मार्ला कुंझने दोन्ही कामं एकाच सकाळी काढली होती. डेलविनची सहा वर्षांची जुनी गाडी, पथकातल्या गार्थची, मागचा फिरता पट्टा लांब असलेली दांडगी गाडी आणि दुकानातून एका दिवसासाठी आणलेली हलकी, आखूड गाडी. तिन्ही गाड्या डेलविननेच चालवायच्या. तुलना करायची तर हात एकच हवा, असं मार्लाचं म्हणणं. हिमलोटाचा इशारा त्या दिवशी सगळ्यांत खालच्या पायरीवर होता, तरी रिवाजाप्रमाणे सगळे बाजूच्या झाडीत थांबले, गाड्यांची तोंडं परतीच्या वाटेकडे करून. उतारावर एका वेळी एकच माणूस. तो अडकला तरी धावत वर जायचं नाही.

"डेलविनकाका, माझ्या गाडीला ओरखडा पडला तर मी काकूला सांगेन," गार्थ म्हणाला.

"तुझ्या गाडीवर ओरखड्याला जागा उरली आहे कुठे?" मार्ला म्हणाली.

डेलविन हसला. त्याची मुलगी रेना जरा लांब उभी होती. पथकाच्या सगळ्या गाड्यांची दुरुस्ती तीच करायची. तिने आज वडिलांकडे एकदाही धड पाहिलं नव्हतं.

आधी स्वतःची गाडी. डेलविनने दोन्ही पाय चढाकडच्या पावदानावर घेतले, अंग चढाकडे झोकलं, हँडल उताराकडे वळवलं. गाडी कलंडून एका कडेवर यायला हवी होती. ती थोडी उचलली गेली आणि हट्टी बैलासारखी पुन्हा सपाट बसली. त्याने जोर केला, पुन्हा तेच. मग ती नाक खाली करून झाडांकडे निघाली आणि त्याने कशीबशी ती आवरली. पस्तीस फूट.

झाडीत परत आल्यावर त्याने हेल्मेट काढलं. "मार्ला, नापास लिही आता," तो म्हणाला. "वायरलेस माझ्याकडे दे. माझा आवाज तरी स्पष्ट आहे."

"अजून दोन गाड्या राहिल्यात. तुलना पुरी कर."

गार्थची गाडी वर जाताना रेड्यासारखी मुसंडी मारायची, पण आडवं म्हटलं की तिला तिची लांबी आडवी येत होती. डेलविनचे खांदे भरून आले. तरी ती कडेवर राहिली. आठ फूट घसरली, जास्त नाही. दुकानातल्या हलक्या गाडीला तर जोर लावावाच लागला नाही. त्याने पायावर भार घेतला आणि ती कलली, भार सोडला आणि ती सरळ झाली. त्याने ती दोन झाडांच्या मधून नेली आणि पलीकडे पोचल्यावर मागे वळून पाहिलं. एकच रेघ, आखल्यासारखी.

"गाडी चांगली आहे," परत येऊन तो म्हणाला. "माझं काही नाही त्यात."

"आणि गार्थची?"

"तीही चांगलीच."

"म्हणजे सगळ्या चांगल्या, आणि वाईट फक्त तू. बरं." मार्लाने वही गार्थच्या हातात कोंबली आणि डेलविनच्या जुन्या गाडीवर बसली. वीस हिवाळे तिने हा उतार कापला होता. अर्ध्या वाटेवर गाडी सपाट बसली आणि मार्ला चाळीस फूट खाली गेली.

परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. गार्थने हसण्यासाठी तोंड उघडलं आणि विचार करून मिटलं. मार्लाने खिशातून मापाची पट्टी काढली, बर्फावर घसरणाऱ्या पुढच्या दोन स्कींमधलं अंतर मोजलं. मग गार्थच्या गाडीचं मोजलं, हलक्या गाडीचंही.

"डेलविन, तुझ्या स्की दोन इंच रुंद बसवल्यात. अशी गाडी कलणार कशी? ही तर नांगरटीला निघाली आहे."

"मी हात लावलेला नाही," डेलविन म्हणाला.

मग रेना पुढे आली.

"मी लावला. गेल्या वर्षी तू उलटलास, तीन बरगड्या गेल्या. मी दवाखान्यातून आले आणि स्कींच्या आतल्या चकत्या बाहेरच्या बाजूला टाकून स्की रुंद केल्या. पुन्हा उलटू नये म्हणून."

"आणि मी घसरलो तेव्हा?"

"वाटलं, बरं झालं. यादीतून नाव जाईल, घरी बसशील." तिचा आवाज चिरकला. "मग तू रात्रीचा हात चोळत बसायला लागलास. तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही."

डेलविन गाडीच्या सीटवर बसला. वर्षभर तो स्वतःलाच खात होता. खांदा गेला, तोल गेला, आता माणूस म्हातारा झाला. यातलं काहीही गेलं नव्हतं. राग यायला हवा होता, पण आधी श्वास सुटला. इतका लांब, की त्याच्याच चष्म्यावर वाफ धरली.

"रेना, पाना आणलास का?"

"नेहमीच असतो."

त्यांनी गाडी बर्फात आडवी केली. तिने पिन काढल्या, त्याने चकत्या धरल्या. बोटं बधिर झाली होती, एक चकती बर्फात पडली आणि दोघं गुडघ्यांवर बसून ती शोधत राहिले.

"पुन्हा उलटलो तर शिव्या दे," तो हळूच म्हणाला. "पण गाडीला माझ्याशी खोटं बोलायला लावू नकोस."

"शिव्या तर देणारच आहे, बाबा."

चौथ्यांदा तो उतारावर गेला तेव्हा ऊन कड्यावर आलं होतं. गाडी कलली. मधे एका दबलेल्या झुडपावर नाक किंचित खाली गेलं, त्याने पाय बदलला आणि ती पुन्हा कडेवर आली. पलीकडे पोचल्यावर त्याने मागे वळून आपली रेघ पाहिली.

"चार फूट," मार्लाने वहीत लिहिलं. "जुन्या गाडीला वाईट नाही."

"घ्यायची कुठली, ते ठरलं का?" गार्थने विचारलं.

"हलकी घेऊ," डेलविन म्हणाला. त्याचं मत कोणी विचारण्याआधीच तो बोलला, असं गेल्या वर्षभरात झालं नव्हतं. "जखमीपर्यंत पोचायला ती. जखमीला ओढून आणायचं तर गार्थची बोलवायची. लांब पट्टा वजनाखाली बुडत नाही."

"माझी फुकट?"

"तुला मिरची घातलेले बीन्स आणि दालचिनीचा रोल मिळेल," मार्ला म्हणाली. "आज डेलविनकडून."

रेना आपल्या गाडीला किल्ली लावत होती. डेलविन तिच्याजवळ गेला आणि म्हणाला, "पुढे तू हो. मी मागून येतो."

ती पुढे निघाली, पण पहिल्या वळणावर थांबून तो येतो की नाही हे तिने पाहिलंच.