देवबागचो जावय

लवू कंडक्टर देवबागात पहिल्यांदा आला तो वस्तीची गाडी घेऊन. रात्री शेवटच्या गावाला मुक्काम करून पहाटे मालवणला परत फिरणारी एसटी, ती वस्तीची गाडी. अशा गावात ड्रायव्हर-कंडक्टर कुठेतरी जेवतात आणि कुठेतरी पाठ टेकतात. लवू जेवायचा स्टॉपसमोरच्या खानावळीत, आणि वाढायला यायची खानावळवाल्याची एकुलती एक मुलगी, यशोदा. पुढचं सांगायला ज्योतिषी नको. सासऱ्याची अट एकच होती, मुलगी घर सोडणार नाही, जावयानेच इकडे यायचं. कणकवलीच्या आतल्या गावातल्या भाताकाजूच्या घरातला हा धाकटा मुलगा, त्याने फारसा विचार न करता होकार देऊन टाकला. गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे निघून गेली आणि कंडक्टर वस्तीला राहिला तो राहिलाच, असं देवबागची माणसं अजून सांगतात. खरं तर तो नोकरीवर रोज जात होता, पण चांगली गोष्ट अशा तपशिलासाठी कोण बिघडवतो?

घरजावई म्हटला की लोकांच्या जिभेला हाड राहत नाही. लवूचं नाव गावाने पहिल्याच महिन्यात मोडीत काढलं. मोठी माणसं त्याला 'जावय' म्हणत, पोरंटोरं 'जावयबापू', आणि कुणी परक्याने विचारलं तर 'तो काय, यशोदाचो घोव.' शेजारी आर्थर होता, त्याच्या होडीतून लवू एकदाच समुद्रात गेला आणि ओकून ओकून परत आला. तेव्हापासून आर्थर भर बाजारात हाक मारायचा, "ओ जावय, खंय चल्लंस? होडी व्हयी काय?" लवू हसायचा. त्याला राग असा येतच नसे, आणि आलाच तर तो घालवायला घरात यशोदा होती.

ती बाई अख्ख्या देवबागला पुरून उरेल अशी होती. वडील गेल्यावर तिने खानावळीच्या मागे तीन खोल्या बांधल्या, 'यशोदा निवास' अशी पाटी लावली आणि सांगली-कोल्हापूरचे पाहुणे आणले. लवू निवृत्त झाला तो थेट तिच्या हाताखाली रुजू झाला. चादरी बदलायच्या, नारळ खवायचे, वाटप वाटायचं, सकाळी घावणे घालायचे. पाहुणे जेवून उठताना म्हणत, "मावशी, काय सोलकढी हो तुमच्या हातची!" यशोदा हसून मान हलवायची आणि आत लवूला सांगायची, "आयकलास मा?" लवूला वाटायचं, ती स्वतःची स्तुती आपल्याला ऐकवतेय.

गेल्या वर्षी गणपती झाले आणि यशोदा गेली. ताप काय आला, दवाखान्यात काय नेली, सगळं आठवड्याच्या आत आटोपलं. दिवसकार्य झालं, मुलगी सृष्टी कोल्हापूरला आपल्या घरी गेली, आणि मग सीझन सुरू झाला तसा फोन वाजायला लागला. "यशोदा मावशी आहेत का?"

"बाजारात गेल्यात," लवू म्हणाला.

का म्हणाला ते त्यालाच कळलं नाही. पण एकदा म्हणाला आणि मग तेच म्हणत राहिला. एका बाईंनी एका दिवसात दोनदा फोन केला आणि विचारलं, "अजून आल्या नाहीत?" लवूने सांगितलं, "मासळी महाग झालीय, घासाघीस चालली असेल." फोन ठेवून तो पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मग त्याने खोल्यांना कुलपं घातली आणि फोन बंद करून पेटीत टाकला.

वर्षभर तो तसाच बसून होता. गावाने जेवण पोचवलं, आर्थरच्या बायकोने पाव-भाजी पाठवली, कुणी कमी केलं नाही. पण लवूच्या मनात एकच किडा वळवळत होता. एसटी सुटली, यशोदा गेली. आता जावई तो कोणाचा जावई?

नेमका तोच प्रश्न वर्षश्राद्धाला आलेल्या थोरल्या भावाने, बाबलीने, तोंडावर विचारला. "चल घराक, लवू. हय आता तू कोणाचो आसस?" लवूने सृष्टीकडे बघितलं. सृष्टी म्हणाली, "बाबा, काकांकडे राहा, मला रात्री झोप तरी लागेल." लवूने पिशवी भरली, पेटीतला बंद फोन तिच्या तळाशी टाकला आणि चावी आर्थरकडे दिली. आर्थरने विचारलं, "परत कदी?" लवू म्हणाला, "बघया."

बाबलीचं प्रेम म्हणजे सरळ अंगावर येणारं. भावासाठी त्याने पडवीलगतची खोली रंगवून घेतली होती. लवूचे गुडघे दुखतात म्हणून खोलीला लागून कमोड बसवला होता, आणि तो बघायला अख्खी वाडी येऊन गेली होती. धाकटा भाऊ सासुरवाडीला जाऊन राहिला हे टोमणे बाबलीने तीस वर्षं गिळले होते. आता भाऊ घरी आला होता आणि बाबली वाडीतून जरा छाती काढून चालायला लागला होता. त्याची बायको राधाबाई, तीही जिवाला जीव देणारी. लवूला बसायला खुर्ची, आंघोळीला कढत पाणी, पहिलं ताट त्याचं. ताट उचलायला गेला तर ती हात धरायची. "भावजी, ठेवा ता. तुमी काय पावणे आसास काम करूक?"

पाहुणे कधी काम करतात, असं लवूला विचारावंसं वाटे. कामाला हात लावू न देता पाहुणा नाही म्हणायचं, ही राधाबाईची रीत त्याला समजेना. तो पहाटे उठायचा, आपली चादर कोपरे दुमडून ताणून घालायचा, पुतण्या आणि त्याची बायको उठले की त्यांच्या खोलीतलीही घालून यायचा, आणि मग दिवसभर करायला काही नसायचं. घर त्याचंच होतं. याच पडवीत तो रांगला होता. पण चिंच तोडलेली, गोठा हललेला, आणि भात कापायला गेला तर विळ्याने बोट कापून घेतलं. शेतातले गडी तोंड फिरवून हसले.

एका सकाळी मोटारसायकलवर मासेवाला आला. राधाबाईने बांगडे निवडले, तेवढ्यात लवू उठला. त्याने एका बांगड्याचा कल्ला उघडला, पोट दाबून पाहिलं आणि मासा परत टोपलीत टाकला. "वयनी, ह्ये कालचे पण न्हय. परवाचे." मासेवाला तडकला, मग त्याने लवूकडे नीट बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "तुमी दर्यावयले काय ओ?" राधाबाईने घाईने सांगितलं, "छे, आमचे धाकले भावजी ते, हयलेच." मासेवाल्याने मान हलवली, पण त्याला पटलेलं दिसलं नाही. बाबली खळ्यात उभा राहून ऐकत होता.

त्या दिवशी लवूने बंड केलं. राधाबाई गोठ्यात गेली तसा तो चुलीपाशी गेला, नारळ फोडून खवला, कोकमाचं आगळ शोधलं आणि सोलकढी केली. दुपारी बाबलीने पहिला घोट घेतला, वाटी संपवली, दुसरी मागितली. राधाबाई म्हणाली, "थेट यशोदेच्या हातची चव. पावण्यांची झुंबड उगाच नाय लागा. तिना शिकयली तुमका?"

लवू उत्तर द्यायला गेला आणि थांबला. यशोदेला कोकम सोसत नसे, पित्त व्हायचं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यापासून सोलकढी करत होता तो लवू. आईने शिकवली होती, याच चुलीवर. देवबागात पाहुणे वाखाणत होते ती त्याची सोलकढी, आणि 'आयकलास मा' म्हणत यशोदा त्याची स्तुती त्याला पोचवत होती. इतकी वर्षं ती रोज सांगत होती आणि या शहाण्याला आज कळलं. त्याने ताटावर मान खाली घातली. राधाबाईला वाटलं तिखट लागलं, तिने पाणी पुढे केलं. बाबली रिकाम्या वाटीकडे बघत म्हणाला, "तिना नाय, ही आमच्या आयेची चव."

संध्याकाळी त्याने पिशवीच्या तळातला फोन काढून चालू केला. चार दिवसांनी सांगलीच्या पाटीलबाईंचा फोन आला. "काका, मावशींचं कळलं. वाईट वाटलं फार. खरं तर नाताळात येऊ का विचारायला जीभ उचलत नव्हती. पण मुलं ऐकत नाहीत. त्यांना तिकीटवाले काका पाहिजेत."

तिकिटाची गंमत अशी की न्याहारीला मुलांना बाकड्यावर ओळीने बसवून लवू कागदाचे कपटे फाडून वाटायचा. "चला, पुढे सरका, तिकीट घ्या तिकीट." तिकीट नसेल त्याला घावणा नाही. यशोदा म्हणायची, म्हाताऱ्याक खूळ लागला.

"या," लवू म्हणाला. "खोल्या तयार ठेवतो."

बोलून गेला आणि मग त्याला बाबली आठवला. पाटीलबाईंना कबूल केलं, पण बाबलीला कसं सांगायचं? ज्याने आपल्या गुडघ्यांसाठी घराची भिंत फोडली, त्याला सांगायचं की मी चाललो? रोज सकाळी तो तोंड उघडायचा आणि बाबली काजूच्या कलमांविषयी बोलायला लागायचा. "पुढल्या वर्साक ती खालची आठ झाडा तुझी," तो म्हणायचा.

अशात देवदिवाळी आली. त्या दिवशी घरोघर वाडीची राखण करणाऱ्या देवाला, राखणदाराला, नारळ ठेवतात आणि गाऱ्हाणं घालतात. घरचा थोरला एकेक मागणं मोठ्याने सांगतो आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हटलं की ते राखणदाराच्या कानावर गेलं. त्यात मागेपुढे करता येत नाही. आदल्या दिवशी बाबली नारळ सोलत म्हणाला, "उद्या तुझा गाराणा घालतलंय. येकदा तेच्या कानार घातला की मगे तू कायमचो ह्या घरचो."

"दादा, माका जरा..."

"काय ता बोल."

"काय नाय," लवू म्हणाला.

सकाळी सगळे फणसाखालच्या दगडापाशी जमले. राखणदाराचं स्थान ते. बाबलीने पान-सुपारी मांडली, नारळ ठेवला, त्यावर हात ठेवून डोळे मिटले. मागे राधाबाई, मुलगा निलेश, सून तन्वी, आणि कडेला लवू.

"बा राखणदारा म्हाराजा, वर्साचो तुझो नारळ तुका ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा."

"गोठ्यातली गुरा, शेतातला भात, काजी-आंब्याची कलमा सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

"पोरांबाळांच्या पायात काटो रुतू देव नको."

"व्हय म्हाराजा." लवूचा आवाज सगळ्यांत होता.

बाबली थांबला, घसा साफ केला. "आनी म्हाराजा, हो माझो धाकलो भाव लवू. तीस वर्सा भायर रवलो, आता घराक इलो. तेचा मन हय रमव. तेका परत भायर धाडू नको."

"व्हय म्हाराजा," राधाबाई म्हणाली. निलेश म्हणाला, तन्वी म्हणाली.

लवूने तोंड उघडलं. हात जोडलेले होते, डोळे मिटलेले होते, पण 'व्हय म्हाराजा' बाहेर आलं नाही. देवापुढे खोटं बोलायचं कसं, आणि खरं बोलून भावाचं काळीज मोडायचं कसं? त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. फणसावर कावळा ओरडला आणि गप्प झाला.

बाबलीने मागे वळून पाहिलं नाही. लहानपणी एका गोधडीत झोपलेला भाऊ तो, त्याचा आवाज आला की नाही हे कळायला बाबलीला तोंड बघावं लागत नव्हतं. त्याचा नारळावरचा हात तसाच होता. राधाबाईने पदर तोंडाला लावला.

"म्हाराजा," बाबली शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज जड झाला होता, "आता सांगलंय ता माझा मागणा. भावाच्या मायेन मागलंय, चुकला आसात तर पदरात घे. तेचा मागणा येगळा आसा. तेच्यान बोलवना नाय, म्हणान मीच सांगतंय. हो माझो भाव लवू. हो देवबागचो. थय तेचा घर आसा, तेच्या हातचा खावक लोका येतत. तेका तेच्या घराक सुखरूप पोचव."

देवबागचो असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं, देवबागनेसुद्धा.

"व्हय म्हाराजा," लवू म्हणाला. एवढ्या मोठ्याने म्हणाला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"आनी म्हाराजा," बाबलीचं संपलं नव्हतं, "वर्साक येकदा शिमग्याक आनी येकदा देवदिवाळेक तेका हय हजर कर. कमोड फुकट बसवूक नाय."

राधाबाई रडता रडता हसली. लवू पुढे झाला, भावाच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने आपला हात नारळावरच्या त्या हातावर ठेवला.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.